देवाचं भाडं

त्या चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीशी माझा अबोला होता. देवघरात दिवा लावायचे, पण तोंड फिरवून. ह्यांना लकवा मारला, दुकानातली नोकरी गेली, होतं नव्हतं ते दवाखान्यात गेलं, आणि त्या महाकाली आईनं डोळा उघडून पाहिलंही नाही, असं मला वाटायचं. उरली होती दारातली व्हॅन. ह्यांनीच हौसेनं मला चालवायला शिकवलेली. मग मीच भाडी मारू लागले. आमच्या मुलचेऱ्यात बाईच्या गाडीत बसायला लोक आधी कचरले, मग वेळेवर येते म्हणून बसू लागले. पहाटे ह्यांचं अंग पुसायचं, स्वयंपाक करायचा, मग गाडी. रात्रभर उठून उठून ह्यांची कूस बदलायची. झोप कशाला म्हणतात हेच मी विसरले होते.

त्या दिवशी ह्यांच्या गोळ्या संपल्या होत्या. सकाळी जंगलातल्या एका गोंड कुटुंबाला जत्रेला पोचवायचं होतं आणि दुपारी परतून एका बंगाली कुटुंबाला बल्लारशा स्टेशनवर सोडायचं होतं. दोन्ही भाडी मिळाली तरच गोळ्याही येणार होत्या आणि किराणाही.

त्यांच्या गावात पोचले तर घरातले म्हातारे, सगळे त्यांना भाऊ म्हणत, कापडात गुंडाळलेला आपला देव छातीशी धरून उभे. देव एरवी खांद्यावरून जायचा, पण पोरं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली. भाऊंनी देवाला माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं, हळद वाहिली, आणि स्वतः बायको-सुनेसोबत मागं बसले. वर त्या सीटचं भाडं वेगळं पुढं केलं.

"देवाचं कायचं भाडं, भाऊ? राहू द्या."

म्हातारा तडकलाच. "आमचा देव का फुकट्या हाये, बाई? सीट अडवली ना त्यानं? घ्या!"

किती दिवसांनी मला हसू आलं. पैसे घेतले आणि निघाले.

ऊन तापलं होतं. खिडकीतून मोहाचा गोड, जड वास येत होता आणि डोळ्यांत कुणी वाळू टाकल्यासारखं झालं होतं. एका वळणावर गाडी रस्ता सोडून कच्च्यात उतरली. कशी, ते मला आजही आठवत नाही. दचकून सावरली. थोडं पुढं गेल्यावर भाऊ म्हणाले, "थांबवा, बाई. देव थकला."

माझं डोकंच फिरलं. "बसल्या बसल्या कसा थकला तुमचा देव? मले दुपारी दुसरं भाडं हाये!"

"थकला म्हनतो ना. तो उठल्याबिगर गाडी नाई हालत."

मोहाखाली घोंगडी अंथरून त्यांनी देवाला निजवलं. सुनेनं बाजूला चादर टाकली. "तुमीबी पडा, बाई." मोबाईलला रेंज नव्हती. मी धुसफुसतच टेकले, म्हटलं, पाचच मिनिटं.

डोळे उघडले तेव्हा सावली झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेली होती. म्हातारी पदरानं मला वारा घालत होती. मी ताडकन उठले. "उठवलं काऊन नाई मले?"

"देव उठला नव्हता," ती म्हणाली.

दुसरं भाडं गेलं होतं. मी तिथंच बसून हमसून हमसून रडले. रडून झाल्यावर मी भाऊंना विचारलं, "भाऊ, खरंच थकला होता का देव?"

"तुमच्याच बाजूले बसला व्हता ना तो," ते म्हणाले. "बाजूच्याचा थकवा त्याले लागते, बाई."

भाऊंनी आरशात माझे डोळे पाहिले असतील, नसतीलही. मी विचारलं नाही. त्यांना जत्रेत सोडलं. परतीला रेंज आली तेव्हा कळलं, बंगाली मंडळी दुसऱ्या गाडीनं निघून गेली होती. सकाळच्या भाड्यातला बराचसा पैसा डिझेलमध्येच गेला. गोळ्या आल्या त्या देवाच्या सीटच्या पैशातून. किराणा नाही आला. घरी होत्या त्या कण्या शिजवल्या.

तिन्हीसांजेला दिवा लावला, तो तोंड न फिरवता. इतके महिने मी आईकडे गोळ्या मागत होते, पैसा मागत होते, मिळालं नाही की भांडत होते. थकले, एवढं मात्र कधी सांगितलंच नव्हतं. ते त्या दिवशी सांगितलं. जीव हलका झाला.

अजूनही मी भाडी मारते. ह्यांचा हात थोडा हलतो आता. चालवताना डोळे जड झाले की गाडी कडेला घेते. शेजारचा प्रवासी कुरकुरतो, "काऊन थांबलो, बाई?"

मी सांगते, "देव थकला."