हिंदुरावांचा शब्द

बाणेरची जमीन कंपन्यांना गेली, पण हिंदुरावांचा रुबाब काही गेला नाही. भावकीत भांडण पेटलं की मिटवायला तेच लागायचे. ते एकदा बोलले की उलटून विचारायची कुणाची टाप नव्हती, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! थोरल्या मुलानं, ऋषीनं, आपल्या ऑफिसातलीच, खडकीच्या कामगार वसाहतीत वाढलेली ऋतुजा पसंत केली, तेव्हाही "आणा पोरगी घरात" एवढं ते म्हणाले आणि विषय मिटला.

या सुनेला काजूची भयंकर ॲलर्जी. लहानपणी बर्फीतल्या काजूनं ती मरता मरता वाचली होती, त्यामुळं बाहेर सहसा जेवतच नसे. सासूबाई सरुबाईंना आधी हे शहरी नखरे वाटले. हिंदुरावांनी मात्र ऐकलं त्या दिवसापासून काजू उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. फार जीव होता त्यांचा पोरीवर.

दोन हजार सहा साली त्यांची एकसष्टी झाली. सगळ्या भावकीला हमरस्त्यावरच्या नव्या हॉटेलात जेवण होतं. हिंदुराव स्वतः आत जाऊन आचाऱ्याला बजावून आले. तरी सुनेच्या ताटात मसालेभात आला तो तळलेल्या काजूंनी सजूनच. मग काय विचारता, हिंदुराव असे कडाडले की आजूबाजूची टेबलं गप्प झाली. ताट आत गेलं आणि लगोलग परत आलं. आता भातावर काजू नव्हता.

ऋतुजानं वेटरला हळूच विचारलं, "हा भात वेगळा केलाय ना?"

वेटरनं तोंड उघडायच्या आत हिंदुरावच म्हणाले, "मी सांगितल्यावर काय बिशाद हाय त्यांची? खा तू बिनघोर."

भावकी बघत होती. ऋतुजानं सासऱ्यांकडं पाहिलं आणि घास घेतला.

आत वेगळा भात कुणी केलाच नव्हता. वरचे काजू वेचून तेच ताट बाहेर धाडलं होतं. बघता बघता तिचे ओठ सुजले, गळा आवळला, श्वास घरघरू लागला. ऋषीनं गाडी हाणली. मागच्या सीटवर हिंदुराव तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. आपल्या हातांनी पोर घालवली, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

पोर वाचली. अतिदक्षता विभागातून बाहेर आणल्यावर हिंदुराव तिच्या खाटेशी जाऊन उभे राहिले. "तुला शंका आली व्हती. मग खाल्लंस कशापायी?"

तिचा घसा अजून बसलेला होता. "चार माणसांत तुमचा शब्द खाली पडला असता, आबा."

आवाजात राग नव्हता. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

बाहेर भावकीतली पोरं हॉटेलवाल्याला धडा शिकवायला निघाली होती, फक्त हिंदुरावांच्या हुकमाची वाट बघत होती.

"घरला जावा," ते म्हणाले. "भात त्यानं दिला. पण खायला मी लावला."