अमरधामचा नळ

आमच्या पिंपळदऱ्यात ज्ञानेश निकमांचा आवाज कानावर पडला की बायका हातातलं काम टाकून दारात येतात, डोक्यावर पदर घेतात आणि विचारतात, "कोण गेलं वो?"

ज्ञानेश निकम म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. लासलगावहून चांदवडला जाताना आमचं गाव लागतं. नगरपरिषद झाली म्हणून त्याला शहर म्हणायचं, एवढंच. तिथं स्टँडसमोर दाजींचं मंडप आणि स्पीकरचं दुकान आहे. लग्नं, वाढदिवस, सप्ताह, सगळीकडे स्पीकर त्यांचाच. पण गावानं त्यांना ओळखलं ते मयताच्या बातमीनं. कोणी वारलं की रिक्षावर कर्णा बांधून बातमी फिरवायची ही आमच्याकडची रीत. व्हॉट्सअॅप आलं तरी ती गेली नाही. कांदे लावायला वावरात गेलेल्या बायका मोबाईल बघत नाहीत, आणि म्हाताऱ्यांना मोबाईलवर आलेलं मरण खरं वाटत नाही. दाजींनी सांगितलं म्हणजे माणूस खरंच गेला.

बातमी दाजी सांगणार, अमरधामात श्रद्धांजलीचा माईक दाजी लावणार, दहाव्यालाही तेच उभे. लग्नाचे पैसे घेतात, मयताचा एक रुपया घेत नाहीत. माझी बहीण यावरून आयुष्यभर बोलत आली आणि त्यांच्या टेम्पोत पाण्याचा ड्रमही तीच भरून देत आली.

या ड्रमाचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. आमच्या अमरधामात शेड आहे, बसायला बाकडी आहेत, तीन माजी नगराध्यक्षांची नावं कोरलेल्या तीन फरशा आहेत. नळ नाही. पाईप भिंतीपर्यंत येऊन थांबलाय आणि त्याच्या तोंडाला चिंधी बांधलीय. मागं एका उन्हाळ्यात एका पोरानं बापाला अग्नी देताना खांद्यावरचं मडकं बिसलेरीच्या बाटल्यांनी भरलं. दाजींना ते बघवलं नाही. तेव्हापासून स्पीकरच्या शेजारी टेम्पोत निळा ड्रम आला. मडकं त्यातूनच भरायचं, हातपाय त्यातूनच धुवायचे. आता गावात कोणी घरून पाणी नेतच नाही. ज्ञानेशचा ड्रम असतो, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलंय.

आणि प्रत्येक मयताला एक पुढारी उभा राहून दाजींच्या माईकवर सांगतो, "या ठिकाणी लवकरच नळाची व्यवस्था करण्यात येईल."

मागच्या दिवाळीनंतर निवडणूक लागली. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा होता. ललितशेठ या कांद्याच्या व्यापाऱ्यानं प्रचाराचा नारळ फुटायच्या आधीच एका दहाव्याला नळाचं आश्वासन देऊन टाकलं. गेल्या वेळी हेच शब्द त्याच्या चुलत्यानं म्हटले होते. दाजी घरी आले, ताईनं ताट वाढलं तर म्हणाले, "मी उभा राहतोय. नगराध्यक्षाला."

"आधी जेवा," ताई म्हणाली.

"माझ्याच माईकवर खोटं बोलतात गं. आणि मीच त्यांचा आवाज वाढवून देतो." ते ताटाला हात लावेनात. "बारीक आवाजाचा पुढारी आला की मी बटण फिरवतो. खोटं नीट ऐकू जावं म्हणून!"

मी समजवायला गेलो. दाजी, पक्ष लागतो, पोरं लागतात, रात्रीची जेवणावळ लागते. तर मलाच म्हणाले, "जीवन, या गावात एक घर दाखव, जिथल्या माणसाला मी निरोप दिला नाही. ते मला मत देणार नाहीत तर कुणाला देतील?"

मला पटलं, हे कबूल करतो. कोणालाही पटलं असतं. अपक्ष म्हणून अर्ज भरला, कपबशी चिन्ह मिळालं, आणि प्रचारप्रमुख म्हणून गाढवासारखा मी राबायला लागलो.

पहिल्या सकाळी रिक्षा निघाली. दाजींनी स्वतःच रेकॉर्डिंग केलं होतं, सवयीनं त्याच संथ, खोल आवाजात. "पिंपळदऱ्यातील तमाम नागरिकांना कळविण्यात येते की..." रिक्षा कुंभार गल्लीत शिरायची खोटी, दारं उघडली. बायका पदर सावरत बाहेर. एक म्हातारी तर रडायलाच लागली, तिचा भाऊ नाशिकला दवाखान्यात होता. पुढचं कपबशीचं कोणी ऐकूनच घेतलं नाही. कोण गेलं ते विचारलं, कोणीच गेलं नाही म्हटल्यावर सुटकेचा श्वास टाकून दारं लावून घेतली. वर एकीनं मलाच झापलं, "असं जिवाला घोर लावता का सकाळी सकाळी?"

मग आम्ही माझ्या मुलीचा, निकिताचा आवाज घेतला. छान टवटवीत आवाज आहे तिचा. तर दुसऱ्या दिवशी गावात भलतंच: ज्ञानेशभाऊ बोलत नाहीत म्हणजे त्यांचंच काहीतरी बिनसलंय! संध्याकाळी दोघं जण सफरचंदं घेऊन दाजींना बघायला आले. दाजी अंगणात पोस्टर चिकटवायची खळ ढवळत होते. ते धडधाकट आहेत हे बघून पाहुण्यांनी चहा घेतला आणि गेले. मत द्या म्हणायचं आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मी डोकं धरून बसलो. म्हटलं, दाजी, नळाचं सोडा, रस्त्याचं बोला, बाजारतळाचं बोला, पोरांच्या मैदानाचं बोला. ऐकतील तर शपथ. कोपरा सभेत पुन्हा तेच: मी निवडून आलो तर महिन्याच्या आत अमरधामात नळ. समोर नवरा-बायको लेकरू घेऊन उभे होते. बायकोनं लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नवऱ्याला ओढत घेऊन गेली. असल्या गोष्टी तिन्हीसांजेला कोणी ऐकतं का?

कांदा लागवडीचे दिवस. बायका पहाटेच पिकअपमध्ये बसून वावरात जायच्या, म्हणून घरोघर फिरायचं ते दिवे लागल्यावर. त्या फिरण्यात मला या गावाचा जेवढा संताप आला तेवढा कधी आला नव्हता. कारण कोणी वाईट बोललं नाही. वाईट बोलले असते तर मी भांडलो असतो. सगळे हात जोडत होते. "ज्ञानेशभाऊ म्हणजे देवमाणूस!" आणि देवमाणसाला उंबऱ्याच्या आत घेत नव्हते. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं, ते तर आम्हाला गल्लीच्या तोंडाशीच गाठायचे.

कुसाबाईंच्या दारात तर हद्द झाली. कुसाबाई म्हणजे दाजींच्या आईची मैत्रीण. लहानपणी दाजी त्यांच्याच ओट्यावर वाढले. त्यांचा मुलगा अमोल दार अर्धं लावून बाहेर आला.

"काका, राग मानू नका. मत तुम्हालाच हाय. पण आत नका येऊ. आईचं काय खरं नाय, आणि तुमचा आवाज ऐकला तर ती धसका घेईल."

आतून कुसाबाईंचा क्षीण आवाज आला, "कोण हाय रे अमोल?"

"कोणी नाय आई. दूधवाला."

दाजींच्या हातात कपबशीचं पत्रक होतं. त्यांनी ते मुकाट्यानं अमोलच्या हातात दिलं आणि चप्पल वाजू नये म्हणून पाय उचलून टाकत गल्लीबाहेर आले. गावभर ज्याचा आवाज घुमतो तो माणूस चोरासारखा चालत होता. मला रडू आलं आणि रागही आला, अमोलचाही आणि दाजींचाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी पारावर म्हाताऱ्या सावळीरामआबांना मी सरळच विचारलं. आबांनी तंबाखू मळत शांतपणे सांगितलं, "आरं, ज्ञानेशला तिथं बसवला तर मयताचं कोण बघंल? ललितशेठला बसवला काय अन् त्याच्या चुलत्याला बसवला काय, आपलं काय अडत नाय. ज्ञानेशवाचून लय अडतं बाबा."

माणूस कामाचा आहे म्हणून त्याला मत द्यायचं नाही, ही अक्कल आमच्याच गावात पिकते.

दाजी पडले. नुसते पडले नाहीत, अनामतही गेली. ललितशेठची मिरवणूक मुद्दाम आमच्या दारावरून आली. गुलालानं माखलेला ललितशेठ गाडीवरून उतरला आणि चक्क दाजींच्या पाया पडला. "भाऊ, आशीर्वाद असू द्या." आणि दाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला! पोरं ओरडली, फटाके वाजले. मी घरात निघून गेलो.

त्यानंतर दाजी गप्प झाले. दुकान उघडायचे, ताडपत्र्या घडी करायचे, पण कोणाशी बोलायचे नाहीत. ताई मला म्हणाली, "तूच बोल बाबा काहीतरी." मी बोललो ते हे. म्हटलं, "दाजी, ड्रम बंद करा. नळ का होत नाही माहितीये? तुमच्या ड्रममुळे. एका मयताला पाणी नसू द्या. होऊ द्या फजिती सगळ्यांची. मग बघा चार दिवसांत नळ येतो का नाही."

दाजींनी हातातली ताडपत्री खाली ठेवली. मग उठले, ड्रम ओतून दिला आणि दुकानामागं पालथा घातला. "होऊ दे एकदा," म्हणाले. त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला बरं वाटलं.

थंडी सरता सरता कुसाबाई गेल्या. अमोल सकाळीच दुकानात आला. डोळे सुजलेले. "काका, आई सांगून गेली. बातमी तुमच्याच आवाजात फिरवायची म्हणाली." दाजींनी माईक हातात घेतला. दोनदा आवाज फुटला, तिसऱ्यांदा जमलं. रिक्षा गावातून फिरली, बायका पदर घेऊन दारात आल्या, आणि या खेपेला कोणी तक्रार केली नाही.

टेम्पोत स्पीकर चढले, माईक चढला. ड्रम दुकानामागं पालथाच राहिला. मी ते पाहिलं. ताईनंही पाहिलं.

अमरधामात सरण रचून झालं. नगराध्यक्ष ललितशेठ पांढऱ्या कपड्यात पुढच्या बाकड्यावर होते. भटजींनी सांगितलं, मडकं भरून आणा. अमोल सवयीनं टेम्पोपाशी आला. आत बघितलं, मग दाजींकडे बघितलं. रिकामं मडकं घेऊन तो तसाच उभा राहिला. हळूहळू सगळ्यांच्या माना वळल्या. सगळे टेम्पोकडे बघत होते. चिंधी बांधलेला तो पाईप त्यांच्या मागं दहा पावलांवर होता, त्याच्याकडे एकानंही बघितलं नाही. ललितशेठनं मोबाईल काढला.

मी दाजींचा दंड धरला. "थांबा. दोन मिनिटं थांबा. बघू द्या यांना."

दाजी अमोलकडे बघत होते. "थांबलो असतो रे," ते हळूच म्हणाले. "पण त्या माउलीला कशाला ताटकळत ठेवू?" आणि त्यांनी माझा हात सोडवला, टेम्पो चालू केला आणि निघून गेले.

ते गेले आणि मागं कुजबुज सुरू झाली. "विसरला वाटतं आज." "इतक्या वर्षांत पहिल्यांदा." "निवडणुकीनं डोकं ठिकाणावर नाय राहिलं बिचाऱ्याचं."

माझा तोल गेला. "विसरले नाहीत!" मी ओरडलो. "मुद्दाम आणला नाही! त्यांना कसलं विचारता, तो नळ का नाही ते विचारा!" दोन-तीन जणांनी मला धरून बाजूला नेलं. मयतात राजकारण आणू नको, म्हणाले. पाईपकडे तरीही कोणी बघितलं नाही.

दाजी परत आले. ड्रम काठोकाठ भरलेला, शर्ट पुढून ओलाचिंब. अमोलनं मडकं भरलं, फेऱ्या झाल्या, अग्नी दिला. मग दाजींनी माईक लावला आणि नेहमीच्या आवाजात नाव पुकारलं. ललितशेठ बोलायला उभे राहिले. आवाज जरा बारीक येत होता. दाजींचा हात बटणावर गेला.

"कुसाबाईंच्या जाण्यानं गाव पोरकं झालं," ललितशेठ म्हणाले. "इथं लवकरच नळाची व्यवस्था करण्यात येईल. परंतु ज्ञानेशभाऊंसारखा सेवाभावी माणूस आपल्या गावात आहे तोवर पाण्याची चिंता करण्याचं कारण नाही."

मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांपर्यंत शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू गेला. त्यांनी माना डोलावल्या.

दाजींनी माईकची वायर गुंडाळली आणि ड्रमापाशी येऊन उभे राहिले. हातपाय धुवायला रांग लागली होती. सगळ्यात पुढं सावळीरामआबा होते. दाजींनी तांब्या भरून त्यांच्या पायांवर ओतला.

"आज उशीर केलास ज्ञानेश," आबा म्हणाले.