नदीच्या भिंतीतला मेंढरांचा उतार

सरकारी फलकावर आमच्या गावाच्या नावापुढं 'शहर' हा शब्द लागला, त्या दिवसापासून गावाची मान अशी ताठ झाली की ओतूरच्या बाजारात गेलो तरी आम्ही भाजी शहरी लोकांसारखी नाकाला लावून बघायला लागलो. फलक होता नदीच्या पूरसंरक्षण योजनेचा. पुलापासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत गावाच्या बाजूनं दगडी भिंत होणार होती. त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला खात्याचे साहेब येणार, मंगल कार्यालयात जनसुनावणी होणार, असं ठरलं.

माझा धंदा मंडप आणि स्पीकरचा. लग्न असो, दहावा असो, सभा असो, माईक माझा. आणि माईक माझा म्हणून सूत्रसंचालनही माझंच. आवाज असा की लाइट गेली तरी राजुरीपर्यंत पोचतो. तिथल्या एका आजीनं आमच्याकडच्या लग्नातल्या मंगलाष्टकांवर आपल्या नातीचं लग्न लावून घेतलं, असं मी सांगतो, आणि अजून कुणी खोडलेलं नाही.

भिंत मला हवी होती. माझं गोडाऊन नदीच्या अगदी काठाला आहे. मागं एका पावसाळ्यात नदी बाजारपेठेत शिरली तेव्हा गालिचे गेले, कनाती गेल्या, नवरानवरीचा लाल सोफासुद्धा निघाला. तो असा डौलात चालला होता, वर आमचं मांजर बसलेलं, की पुलावरच्या लोकांनी हात जोडले. सोफा बंधाऱ्याला टेकला आणि मांजर कोरड्या पायानं घरी आलं. यातलं मांजर घरी आलं एवढं तरी नक्की खरं.

सुनावणीच्या दिवशी मी स्पीकरच्या वायरी जोडत होतो. स्टेजवर योजनेचा भलामोठा नकाशा टांगला होता. त्याच्यासमोर एक बाई कधीची उभी होती. ही माझ्या शाळेतल्या सोबत्याची बायको. तो आणि मी गणितात एकाच बाकावर नापास झालो. नंतर तो घरची मेंढरं राखायला लागला, मी माईक धरला. मी तिला वहिनी म्हणतो.

"भाऊजी," ती म्हणाली, "ह्या चित्रात आमचा उतार कुठंय?"

उतार म्हणजे माझ्या गोडाऊनशेजारची वाट. तिथनं मेंढरं नदीत उतरतात, पाणी पितात आणि पलीकडच्या वावरांत जातात. आमच्याकडं कांद्याच्या लागणीआधी शेतकरी मेंढरं वावरात बसवून घेतात. त्यांच्या लेंड्यांचं खत म्हणजे रानाचं टॉनिक. वहिनीचं घर त्याच्यावरच चालतं. नकाशात उताराच्या जागी सरळ काळी रेघ होती.

"भिंत हाय ती," मी म्हणालो.

"मग मेंढरं काय उडून जायची?"

"पुलावरनं न्यायची."

"पुलावरनं नेली व्हती मागं, नदी भरल्याली तवा. टेम्पोवाल्यानं घातला कळपात. तुमालाच बोलावलं व्हतं रस्ता अडवायला, इसरलात का?"

विसरलो नव्हतो. त्या दिवशी आमचा गडी, तिचा नवरा, पुलाच्या कठड्याला टेकून मेलेली मेंढरं मोजत बसला होता.

"मला माईक द्या," वहिनी म्हणाली. "मी दोन शब्द बोलते. लिवून घ्या म्हणते."

"देतो की. सुनावणीच हाय, सगळ्यांना मिळतोय."

पण आमच्या गावात कुठलंही काम सत्काराशिवाय सुरू होत नाही, हे मी तिला आधीच सांगायला हवं होतं. साहेबांचा सत्कार झाला. मग साहेबांबरोबरच्यांचा. मग साहेबांच्या ड्रायव्हरचा, कारण तो कुणाचा तरी पाहुणा निघाला. मग आजी सदस्य, माजी सदस्य, आणि पुढच्या वेळी उभे राहणार असलेले सदस्य. एकाला जरी वगळलं तर तो पाच वर्षं रामराम घेत नाही. शाली संपल्या तेव्हा आधीच्या शाली मागच्या दारानं काढून पुन्हा पुढून आणल्या. एक शाल तर इतक्या खांद्यांवरून फिरली की शेवटी ती आपली आपणच घडी व्हायला लागली. नारळांचा ढीग असा झाला की मागच्या रांगेला साहेब दिसेनात.

साहेब माणूस बरा होता. सुनावणी सुरू करा, असं तो मधूनमधून माझ्या कानात सांगत होता. पुढची सुनावणी घोडेगावला होती.

शेवटी लोक बोलायला लागले, तर तिथंही मानाचा प्रश्न. किराणावाला म्हणाला, आमच्या दुकानात छातीएवढं पाणी व्हतं. कापडवाला म्हणाला, आमच्यात गळ्याएवढं. भांडेवाला उंचीनं कमी, तो खुर्चीवर चढला आणि म्हणाला, आमच्यात ह्याच्याबी वर. भिंत उंच करा, अजून उंच करा, एवढंच सगळ्यांचं म्हणणं. बायकांच्या बाजूला वहिनीचा हात वर होता. तो मला दिसत होता, सरपंचांनाही दिसत होता.

"वेळ संपली," सरपंच मला हळूच म्हणाले. "आभार मान आता."

"एक हात वर हाय अजून, सरपंच."

"भिंतीला मोडता घालणार ती. सायेबाचं मन फिरलं तर योजना जाईल शेजारच्या गावाला. आभार मान."

माईक माझ्या हातात होता. गाव भाषण अडवू शकतं, प्रश्न अडवू शकतं, पण सत्कार अडवण्याची कुणाची टाप नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"मंडळी," मी म्हणालो, "आभाराआधी एक सत्कार राहिलाय. आपल्या गावच्या मेंढपाळ मंडळींच्या वतीनं साहेबांना घोंगडी पांघरायची आहे. आणि घोंगडीची रीत सगळ्यांना माहीत आहे. ती छपराखाली पांघरत नाहीत. कळपात, नदीच्या काठी पांघरतात."

अशी काही रीत नाही. मी ती तिथल्या तिथं केली होती. पण पहिल्या रांगेतले एक म्हातारबाबा लगेच म्हणाले, "हा, तशीच रीत हाय. माझ्या आज्याला तशीच पांघरली व्हती." दुसऱ्यानं सांगितलं, कलेक्टरलासुद्धा. सरपंचांनी माझ्याकडं असं पाहिलं की माईकनं शिट्टी मारली. पण ते उठले, साहेब उठले, आणि हारासकट सगळी वरात नदीकडं निघाली.

वाटेत वहिनी माझ्याजवळ आली. "भाऊजी, घोंगडी कुठंय?"

"गड्याच्या खांद्यावर नसतीय व्हय?"

"ती? तिला लई वास हाय."

"मग साहेबांना लक्षात राहील."

उन्हं कलती झाली होती. आमचा गडी कळप घेऊन पलीकडनं पाण्यात उतरतच होता. मेंढरं उतार चढून वर आली आणि साहेबांच्या भोवती दाटली. एका मेंढीनं त्यांचा हार झेंडूपासून दोऱ्यापर्यंत संपवला. मी तर म्हणतो तिनं ढेकरही दिली. वहिनीनं नवऱ्याच्या खांद्यावरची घोंगडी काढून साहेबांना पांघरली आणि पदर सावरून बोलली.

"सायेब, भिंत बांधा. आमच्याबी घरात पाणी येतं. पण मेंढरं हितनंच उतरत्यात. पुलावर मरत्यात. हितं वाट ठेवा, एवढंच."

साहेबांनी उतार खालवर पाहिला. "ताई, भिंतीत खिंड ठेवली तर पूर तिथूनच आत येईल. मग बाकीची भिंत बांधून उपयोग काय?"

"मेंढरांपायी आमी बुडायचं का?" कापडवाला मागून म्हणाला.

"खाचा ठेवून फळ्या टाकता येतात," साहेब म्हणाले. "बंधाऱ्याला ढापे टाकतात, तशा. नदी चढायला लागली की लावायच्या, एरवी वाट मोकळी. पण लावणार कोण? आमचा माणूस इथं बसून नसतो. आणि एकदा उशीर झाला तर पेठ पाण्यात."

सरपंच आकाशाकडं बघायला लागले. दुकानदार एकमेकांकडं बघायला लागले. मी मेंढरं बघत होतो.

"हे भाऊजी लावत्यात की," वहिनी म्हणाली. "त्येंचं गोडाऊन हितंच हाय. ढापे तिथंच ठेवा. माणसंबी हायती, मंडप उचलणारी. आन् पाणी आलं तर सगळ्यात आदी त्येंचाच सोफा जातोय. ते कशाला उशीर करत्यात?"

कापडवाल्याला हे फार पटलं. किराणावाल्याला तर इतकं पटलं की त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. साहेबांनी मला विचारलं, तयार आहात का. मी आयुष्यात कधी शब्दाला कमी पडलो नाही, पण त्या वेळी आधी गोडाऊनच्या कुलपाकडं पाहिलं. गडी माझ्याकडं बघत होता. मी मान डोलावली.

आता भिंत झाली आहे. साधी, बरी भिंत आहे. चीनच्या भिंतीएवढी आहे असं मी बाहेरगावी सांगतो. उताराच्या जागी खिंड आहे, दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा आहेत आणि ढापे माझ्या गोडाऊनात गालिच्यांवर आडवे पडलेत. पावसाळ्यात डोंगराकडं ढग दाटले की माझा फोन थांबत नाही. आधी दुकानदार.

"भाऊ, टाकले का ढापे?"

"टाकतो."

"टाकतो न्हाई, टाका राव."

परवाही तसंच झालं. पाणी गढूळ झालं होतं, चढत होतं, माणसं पहिला ढापा उचलून खाचेशी उभी होती. तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, थांबा. मेंढरं पलीकडंच हायती."

"लई वेळ न्हाई थांबता यायचं."

"निम्मी पाण्यात घातल्यात. येत्यात."

मी माणसांना ढापा खाली टेकवायला सांगितलं. कापडवाला दुकानातून बाहेर येऊन लांबून हातवारे करत होता. मी त्याच्याकडं पाठ केली आणि पलीकडच्या काठावर बघत उभा राहिलो.