दोन पाचरी

हे मी बायकोला सांगितलं नाही. ती जाईपर्यंत सांगितलं नाही. मुलांना तर नाहीच. गॅरेजात माझ्यासोबत तीस-तीस वर्षं काढलेल्या माणसांनाही यातलं काही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही. पण सुरुवात केलीय, तर आता मागं फिरत नाही.

सांगली-मिरज रस्त्यावर माझं गॅरेज होतं. जीप म्हटलं की बाबूमिस्त्री, असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू — फार आवडायचं.

दुष्काळाच्या त्या सालात मिरजेच्या एका डॉक्टरीणबाई आपली जीप घेऊन आल्या. सुमतीबाई. त्यांचा स्वतःचा लहानसा दवाखाना होता, आणि आठवड्यातून एकदा त्या माण तालुक्यात जायच्या — खडी फोडायच्या कामावरच्या बायकापोरांना तपासायला. बरोबर एक नर्स, औषधांच्या पेट्या, आणि गाडी चालवायला धोंडीराम. धोंडीराम तिकडचाच, दहिवडीच्या बाजूचा. मिलिटरीत ट्रक चालवून पेन्शनीत आलेला. त्याला सगळे फौजीच म्हणत. जीपही मिलिटरीच्या लिलावातली, फोर-व्हील. बाई म्हणाल्या, ओढ्यातनं जाताना गाडीचं पोट दगडाला घासतं, उंच करून द्या.

मी उंच केली. चारी चाकांवरच्या स्प्रिंगांत एकेक जादा पाटा घातला, आणि पाटे ज्या कड्यांनी गाडीला टांगलेले असतात ती शॅकल लांब लावली. जीप अशी उभी राहिली — घोड्यासारखी! रस्त्यावरनं जाणारे थांबून बघत होते. तासगावचा एक द्राक्षबागायतदार बघून गेला आणि म्हणाला, माझीपण अशीच करायची. त्याच्या ओळखीतले आणखी दोघं-तिघं होते. मी हवेत होतो.

आता इथं थोडं गाडीचं सांगावं लागेल. सोपं आहे. स्टेअरिंग वळवून सोडलं की चाकं आपसूक सरळ होतात ना? ती होतात, कारण पुढच्या दोन चाकांना जोडणारा ॲक्सल किंचित मागं कललेला बसवलेला असतो. गाडी पुढून उचलली की तो कल मोडतो. मग चाकांना सरळ राहायची ओढ उरत नाही. सावकाश गेलात तर काही कळणार नाही. पण गाडी वेगात असली आणि एक चाक खड्ड्यात आदळलं, की पुढची दोन्ही चाकं फडफडायला लागतात — आणि गाडी थांबेपर्यंत थांबत नाहीत. यावर इलाज आहे. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडाची पाचर घालायची. दोन बाजूंना दोन पाचरी. कल परत येतो.

मी चाकांना दोरी लावून त्यांची तोंडं जुळवली होती. कलाचं माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक झाली. चूक कुणाच्याही हातून होते — त्याबद्दल मी हे सांगत नाहीये.

दोन-तीन फेऱ्यांनंतर ते परत आले. भर दुपारी, थेट माणहून. फौजी खाली उतरला तो घामानं भिजलेला. म्हणाला, "मिस्त्री, गाडी लय वंगाळ वागतीया. जरा पळवली आन् खड्डा लागला, की चाकं नाचत्यात. स्टेरिंग हातात ऱ्हात न्हाई. आज बाईंस्नी घिऊन नाल्यात गेलो असतो."

मला त्याच क्षणी कळलं. तो बोलत असतानाच कळलं. कल — मी कल विसरलो होतो.

मग मी तसं का म्हणालो नाही? तासगावचे बागायतदार तिथंच बसले होते, त्यांची जीप आत पाटे सोडून ठेवलेली होती. डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. "चुकलं, दोन पाचरी घालतो" — एवढंच म्हणायचं होतं. एवढंच! पण ते शब्द तोंडातून निघेनात. मी म्हणालो, "बसा बाई, मी चालवून दाखवतो."

आणि मी त्यांना शेजारी बसवून गाडी चालवली. चांगल्या डांबरी रस्त्यावर. सावकाश. कुठल्या वेगाच्या आत ती गाडी थरथरणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि मी त्याच्या आतच राहिलो. खड्डे चुकवले. गाडी लोण्यासारखी चालली. परत आलो तेव्हा फौजी खुर्चीवर बसून चहा पीत होता. त्याच्या हातातली बशी थरथरत होती. थरथरणारच — दोन-अडीच तास त्या नाचऱ्या स्टेअरिंगशी झुंजून आला होता तो. माझ्याच चुकीनं ते हात थकले होते. मला तेही कळलं.

मी बशीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "बाई, गाडी नाही थरथरत. यांचे हात बघा."

बागायतदार हसले. फौजीनं बशी खाली ठेवली, ती ठेवतानाही वाजली. त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. असं पाहिलं, की जणू ते कुणा दुसऱ्याचे आहेत. मला वाटलं होतं तो भांडेल, शिवी देईल. त्यानं शिवी दिली असती तर — नको, असं म्हणून मी त्याच्यावर ढकलतोय.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी तिथंच त्याचे हात तपासले, बोटं लांब करायला लावली. म्हणाल्या, "नसांचं काही असेल, धोंडीराम. या वयात होतं. गाडीत माणसं असतात, मला जोखीम घेता येणार नाही." त्यांनी त्याला दवाखान्यात दुसरं काम देऊ केलं. तो नको म्हणाला. गावी निघून गेला.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, एका क्षणाची भीती होती, जीभ घसरली. थांबा. पुढचं ऐका, मी ते शांत डोक्यानं केलंय.

थोड्याच दिवसांत जीप ब्रेकच्या कामाला आली. नवा ड्रायव्हर अजून रुळला नव्हता, गाडी हळू हाकत होता. मी गॅरेजातल्या माणसांना जेवायला पाठवलं आणि स्वतःच्या हातानं दोन पाचरी घडवून बसवल्या. कुणाला बोललो नाही. तासगावच्या जीपला तर त्या आधीच घातल्या होत्या. त्यानंतर बाईंची जीप कसल्याही रस्त्यावर सुतासारखी सरळ चालली. नवा ड्रायव्हर पळवायला लागला तरी थरथरली नाही. बाई एकदा मुद्दाम थांबून म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही म्हणालात तेच खरं निघालं."

समजतंय ना मी काय केलं? गाडी नीट केली, आणि तिच्याबरोबर माझं खोटंही पक्कं केलं. आता फौजीनं कुठंही जाऊन काहीही सांगितलं असतं, तरी ती जीपच त्याच्याविरुद्ध साक्ष देत होती.

काही वर्षांनी दहिवडीकडे एक ट्रक बंद पडला म्हणून मला बोलावणं आलं. काम झालं, बाजारात उभा होतो. मागून हाक आली — "मिस्त्री!" फौजी. मला लपावंसं वाटलं. पण तो हसत आला आणि हाताला धरून घरी घेऊन गेला. आता शेरडं-मेंढरं होती त्याची. मेहुण्यानं मुंबईत टॅक्सी चालवायला बोलावलं होतं, गेला नव्हता. त्या दिवसानंतर त्यानं कुठल्याच गाडीला हात लावला नव्हता.

त्याची बायको तान्ही नात घेऊन बाहेर आली आणि पोर त्याच्याकडे द्यायला लागली. तो मागं सरकला. "नगं, नगं. मिस्त्रींकडं दे." ते बाळ माझ्या मांडीवर आलं.

बायको माझ्याकडे वळली. "आवं, तुमीच सांगा ह्यास्नी कायतरी. हात थरथरत्यात म्हनं. मी इतकी वर्सं बघतीया, कवाच थरथरलं न्हाईत. पन पोरीला घेत न्हाईत — पडल म्हनत्यात."

मी फौजीच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर ठेवलेले होते, अगदी स्थिर.

तिनं मला विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. दुसरं कुणी तिथं नव्हतं, कुणी हसणार नव्हतं, माझं काहीही जाणार नव्हतं. मी म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितलंय तर जपलेलं बरं, वहिनी."

डॉक्टरांनी! तेवढंही मी स्वतःच्या नावावर घेतलं नाही.

निघताना तो फाट्यापर्यंत सोडायला आला. एस.टी. येईपर्यंत उभा राहिला. म्हणाला, "मिस्त्री, त्या दिशी राग आला हुता तुमचा. पर मागनं ध्येनात आलं. तुमी बोलला म्हनून वाचले सगळे. न्हाईतर त्या बाईंस्नी, त्या नर्सपोरीस्नी मीच कुटंतरी घातलं असतं. तुमचं उपकार हायती माझ्यावर."

त्यानं हात जोडले. मीही जोडले. गाडी आली, मी चढलो.

धोंडीराम आता नाही. शेवटपर्यंत त्यानं नातीला उचललं नाही, असं त्याच्या गावचा एक माणूस बोलता बोलता सांगून गेला. त्या माणसालाही मी काही म्हणालो नाही.

त्याच्या हातांना काहीही झालेलं नव्हतं.