पिंपावरचा डॉक्टर

सुरतेच्या लिंबायत भागातल्या आमच्या घरात मोरीजवळ पाण्याचं निळं पिंप आहे आणि त्यावर एक डॉक्टर झोपलेला असतो. मिशा पिळलेल्या, डोक्याला फेटा, अंगात विलायती कोट, एका हातात बाटली. हा इंग्रजांच्या काळातला डॉक्टर. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या गावी, खानदेशात, वाण्याच्या दुकानाबाहेर तो पत्र्याच्या पाटीवर टांगलेला असायचा. दुकान बसलं तेव्हा पाटी उकिरड्यावर गेली आणि तिथून आबांच्या आईने उचलून ती रांजणावर झाकण म्हणून ठेवली. पुढे आबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करायला सुरतेला आले, तेव्हा वळकटीत गुंडाळून डॉक्टरसाहेबही उधना स्टेशनावर उतरले. पिंप गोल, पाटी चौकोनी. तिच्या कोपऱ्यावर गुडघा आपटला नाही असं आमच्या घरात कोणी नाही.

पाटीवर लिहिलंय: ‘खोकला, दमा, हिवताप, अजीर्ण, अशक्तपणा, मूळव्याध व विंचवाचा दंश, सर्वांवर एकच औषध.’ खाली मोठ्या अक्षरांत, ‘एक बाटली, साऱ्या घराला पुरे.’ आणि त्याखाली, ‘नकली मालापासून सावध राहा.’ हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं. चोराने गल्लीत शिरताना ‘चोर, चोर’ ओरडावं तशातली गत. औषधाचं नाव मात्र गंजाने खाल्लंय.

आबा शाळेत नावापुरतेच गेले. अक्षरओळख त्यांना या पाटीवरच झाली. त्यामुळे तिचा त्यांना गुरूसारखा आदर, आणि मला राग. कारण मी औषधांचं शिकले, लिंबायतमध्येच एका मेडिकलच्या गल्ल्यामागे उभी राहते, आणि त्या काळी बाटल्यांतून काय काय विकलं जायचं ते आम्हाला कॉलेजात चांगलं शिकवलेलं. कुणी दारू घालायचं, कुणी अफू, कुणी नुसतं साखरेचं रंगीत पाणी. आत काय आहे ते गुपित, बाहेर काय लिहायचं त्याला धरबंध नाही. ‘अमक्या गावच्या पाटलांना तिसऱ्या दिवशी गुण आला’ असं छापलं की झालं, पाटील कोण ते विचारायला कोण जातंय? पदवीच्या डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करायची बंदी होती. म्हणजे ज्याला येत होतं तो तोंड मिटून बसला आणि ज्याला येत नव्हतं तो वेशीवेशीवर टांगला गेला.

मी हे आबांना कितीदा सांगितलं असेल. ते हसायचे. “तुना शिकेल डागदर मान वर करीसन पाहत नही,” म्हणायचे, “हाऊ पाटीवरला इचारस तरी, खोकला शे का, दम लागस का.” तुझा शिकलेला डॉक्टर मान वर करून बघत नाही, हा निदान विचारतो तरी.  आमच्या भागात दवाखान्यांत रांगा केवढ्या असतात ते मला रोज दिसतं, आणि लूमवरचा माणूस स्वतःचं दुखणं सांगायला किती वेळ घेतो तेही. आयुष्यभर त्या खडखडाटात राहून त्याला मोठ्याने बोलायची सवय असते. हळू, नीट, आपल्याबद्दल बोलायची नसते.

मग आबांनाच खोकला लागला. लूमवर खोकला सगळ्यांनाच असतो, तंतू घशात जातात, त्यावर गुळाचा खडा चघळायचा ही रीत. पण हा खोकला गुळाला बधेना. संध्याकाळी ताप, अंगावरचा सदरा ढगळ झालेला. मी त्यांना ओढतच सरकारी केंद्रात नेलं. टीबी निघाला. आईची आणि माझीही तपासणी झाली, आम्ही दोघी सुटलो. गोळ्या सुरू झाल्या, फुकट, रोज न चुकता घ्यायच्या. आबा थोडे दिवस घरी बसले. ताप उतरला, खोकला कमी झाला, डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर पुन्हा खात्यात जाऊ लागले. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. गोळ्या ते डब्यासोबत घेऊन जायचे. “जेवण करीसन लिसू,” म्हणायचे. आणि मी, औषधवाली बाई, निर्धास्त होते. पाकिटं वेळेवर रिकामी होत होती ना.

पण वजन भरेना. काही आठवड्यांत खोकला परत आला. थुंकीच्या तपासणीत जंतू होतेच. डॉक्टर माझ्याकडे संशयाने बघून म्हणाले, “गोळ्या पूर्ण घेतात ना?” मला अपमान वाटला. म्हटलं, मी स्वतः देते.

त्याच सुमारास एकदा आबांनी गोळ्या खिशात टाकल्या, पण डबा घरी विसरले. दुपारी मला दुकान सोडता आलं नाही, सुटल्यावर तो घेऊन मी खात्यात गेले तेव्हा पाळी बदलत होती. एका कारागिराचे लूम बारा तास त्याचे, पुढचे बारा तास त्याच्या जोडीदाराचे. लूम थांबत नाहीत, माणसं बदलतात. आबांचा जोडीदार ओडिशाचा, आबांहून लहान. कित्येक वर्षं दोघं तेच लूम चालवत होते. एकमेकांची भाषा धड येत नाही आणि त्या आवाजात आली तरी उपयोग नाही, म्हणून सगळं हातांच्या खुणांवर. आबांनी बोटाने एक लूम दाखवून मूठ हलवली, म्हणजे हा आज त्रास देतोय. मग कमरेची कातर काढून त्याला दिली. मग नेहमीप्रमाणे गुळाचा खडा दिला, दिवसाच्या माणसाने रात्रीच्या माणसासाठी राखून ठेवायचा असतो तो. आणि गुळासोबत, कागदात बांधलेल्या, लालसर गोळ्या. जोडीदाराने त्या तिथेच तोंडात टाकल्या आणि छातीवर हात ठेवून मान हलवली. बरं आहे आता.

 इतकी वर्षं त्या दोघांनी विडी वाटून ओढली, भाकर वाटून खाल्ली, दिवाळीला शेठने दिलेल्या मिठाईचा बॉक्स मधोमध कापला. मला हे आधी का सुचू नये?

घरी आल्यावर मी भांडले. आवाज इतका चढला की आई मध्ये येऊन उभी राहिली. आबा म्हणाले, “त्यालेबी तोच खोकला शे. एकलाच कसा खाऊ मी?”

“तो दवाखान्यात का जात नाही?”

जोडीदार मेसमध्ये, कामगारांच्या राहायच्या-जेवायच्या सामायिक खोलीत, राहत होता. तिथे एका खाटेवर दिवसा एक झोपतो, रात्री दुसरा. टीबीचं नाव निघालं असतं तर खाट गेली असती आणि पाठोपाठ लूम. गावी पैसे पाठवणारा तो एकटा. हे आबांनी मला सांगितलं आणि मग मोरीकडे बोट दाखवलं. “एक बाटली, साऱ्या घराला पुरे. तो मना घरना नही का? एकच लूम चालाडतस आम्ही.”

“ती पाटी खोटी आहे, आबा!”

“पाटी खोटी व्हई. वाटीसन खावानं खोटं शे का?”

मला रडू आलं. रागाचंच होतं ते. बारा महिने तेरा काळ मी लोकांना गोळ्या समजावून देते, आणि माझ्याच घरात एक शंभर वर्षांपूर्वीचा तोतया उताणा पडून माझ्यापेक्षा जास्त ऐकला जातो! मी आबांना सांगितलं, साप अर्धवट मारला तर मरत नाही, चवताळतो. अर्ध्या औषधाने जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. दोघं वाचायच्या ऐवजी दोघं जातील. शेतावर राहिलेल्या माणसाला साप बरोबर कळला. आबा म्हणाले, मग त्याला आधी बघ.

जोडीदाराला तयार करायला मला फार बोलावं लागलं. पाळी संपल्यावर सकाळी तो दुकानावर यायचा, उभा राहायचा, आणि एकच वाक्य म्हणायचा, “बेटी, मेस में पता चला तो खाट जाएगी.” गोळ्या लागू पडतायत याची त्याला खात्री होती, कारण लघवी लाल होत होती, आतलं विष बाहेर पडतंय असं त्याला वाटे. तो त्या गोळ्यांचा रंग असतो, निरोगी माणसाचीही होते. जुन्या बाटल्यावाल्यांनाही हे ठाऊक असणार. काहीतरी झालेलं डोळ्यांना दिसलं की माणूस निम्मा बरा होतो. मी त्याला म्हटलं, आपण लिंबायतमध्ये जायचंच नाही. एका सकाळी रिक्षाने त्याला भेस्तानकडे नेलं, एक्स-रे काढला, थुंकी दिली. आबांची पुढची तपासणीही त्याच दिवसांत केली.

दोन्ही निकाल मागेपुढे आले. जोडीदाराला टीबी नव्हता. छातीत त्याचा मागमूसही नाही, आणि कधी होऊन गेल्याची खूणही नाही असं डॉक्टर म्हणाले. नुसता लूमच्या तंतूंचा खोकला. तोंडाला फडकं बांध, जमलं तर काम बदल, बस्स. आणि आबांचे जंतू औषधाला सरावले होते. आता वेगळ्या गोळ्या, जास्त कडक, फार लांब चालणाऱ्या.

दवाखान्याच्या पायरीवर मी बराच वेळ बसून राहिले. माझ्या बापाने स्वतःच्या तोंडातलं औषध काढून एका धडधाकट माणसाला खाऊ घातलं होतं. हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते?

संध्याकाळी जोडीदार मुद्दाम पाळीच्या आधी घरी आला. भांडणानंतर मी आबांचं कामावर जाणं थांबवलं होतं, ते भिंतीला टेकून बसलेले. मी आधी सोपं ते सांगितलं. म्हटलं, काकांच्या छातीत टीबी नाही.

आबा ताठ बसले. त्यांचा चेहरा असा उजळला की मी पुढचं बोलायची थांबले. “नही? काहीच नही?” मग त्यांनी जोडीदाराच्या पाठीत धपाटा घातला आणि मांडीवर थाप मारली. “लागू पडनं ना मंग! मना औषधनी त्याले बरं कयं!”

जोडीदार हसत होता आणि डोळे पुसत होता. त्याला भाषा कळली नसेल, खूण कळली.

पिंपावरचा डॉक्टर मिशा पिळून बघत होता. निरोगी माणसाला बरं करून दाखवायचं, हाच तर याचा जन्मभराचा धंदा. मी तोंड उघडलं. शिकलेली बाई होते, खरं सांगणं माझं काम होतं. पण आबांकडे पाहिलं.

“हो आबा,” मी म्हटलं, “लागू पडलं. तो तरणा आहे, त्याला अर्ध्यावर गुण आला. तुमचं वय झालं. तुम्हाला आता पूर्ण घ्याव्या लागतील, आणि जास्त दिवस.”

“लिसू ना,” आबा म्हणाले. “इतलं चांगलं औषध शे, कसाले नही लेवाव?”

आणि त्यांनी घेतल्या. त्या गोळ्यांनी त्यांना उलट्या झाल्या, पायांना मुंग्या आल्या, पण एकही चुकवली नाही. जोडीदार रोज पाळीवर जाण्याआधी यायचा, पिंपातून तांब्या भरून द्यायचा आणि आबांच्या घशाखाली गोळी उतरेपर्यंत समोर उभा राहायचा. मग गुळाचा खडा ठेवून निघून जायचा.

आबा बरे झाले. लूम मात्र सुटले ते सुटलेच, आता दम पुरत नाही. दिवसभर ओट्यावर बसून असतात आणि गल्लीत कुणी दोनदा खोकलं की त्याला हाक मारतात. “जाय, सरकारी दवाखानामा जाय. मना जोडीदारले अर्ध्याच गोयामा गुण उना. तुले पुऱ्या भेटतीन, फुकट.”

लोक जातात. मी इतकी वर्षं गल्ल्यामागून सांगत होते तेव्हा जात नव्हते. परवा एकाने दुकानात येऊन मला विचारलं, तो ओडिशाचा माणूस खरंच अर्ध्या गोळ्यांत बरा झाला का? मी म्हटलं, हो, आमच्याच घरातला आहे तो.