सावधान व्हायच्या आधीच

चहा घ्या आधी, मग सांगते. आणि हसायचंय तेवढं हसा, मला राग येणार नाही. मी घातला तसा घोळ अख्ख्या खान्देशात दुसऱ्या कुणाला जमायचा नाही, हे मी छाती पुढे काढून सांगते!

आमच्या घरात पोरीची पाठवणी माझ्याशिवाय होत नाही. का? अहो, रडायला सुरुवात मी करते! मी पहिला हुंदका दिला की मग बाकीच्या बाया लागतात. तोवर सगळ्या डोळ्यांना पदर लावून माझ्या तोंडाकडे बघत उभ्या. एरंडोलच्या लग्नात मी असा काही सूर लावला, की बँडवाले वाजवायचे थांबले. मान असतो हो तो, मान!

पण माझ्या कंबरेतली नस कित्येक वर्षं दबलेली. जळगावात शिवणक्लास चालवते मी. मशीनवर बसलं की कंबरेपासून टाचेपर्यंत नुसती आग. तरी क्लास बंद ठेवला नाही! शेवटी डॉक्टरांनी नवी गोळी दिली. म्हणाले, "नसांचं दुखणं कमी होईल. पण मन जरा कोरडं पडल्यासारखं वाटू शकतं. तसं झालं तर मला सांगा."

दुखणं खरंच कमी झालं. आणि एका संध्याकाळी मालिकेतली नायिका मेली. शेजारीण हमसून हमसून रडतेय, आणि मी? मी शांतपणे शेंगा सोलतेय!

तशीच उठले आणि कॅलेंडर बघितलं. कारण धुळ्याचं लग्न तोंडावर होतं. माझ्या भावाची, नानाची लेक रूपाली. कॉलेजला माझ्याकडेच राहिली. तिच्या लग्नाचा ब्लाउजही मीच शिवलेला. मला फुई म्हणते, आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. तिच्या पाठवणीला मी कोरड्या डोळ्यांनी उभी राहिले तर पोरीला काय वाटेल? फुईची माया आटली?

मग डॉक्टरांना विचारलं का? छे! मी एवढी हुशार, मी कशाला विचारू? गोळीच बंद केली.

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च भरलेला. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मी अक्षता टाकायला हात उचलला आणि कंबरेत अशी कळ आली, अशी कळ आली की बोलायची सोय नाही. डोळ्यांतून धारा, तोंडातून हंबरडा!

आता आमच्या बायांची शिस्त तुम्हाला माहीत नाही. अक्कानं, म्हणजे मी, सूर लावला ना? मग आपणही लावायचा! नवरदेवाच्या गळ्यात अजून हार पडला नाही आणि मुलीकडच्या सगळ्या बाया ओक्साबोक्शी रडताहेत! भटजी मंगलाष्टक अर्धवट सोडून थांबले. अंतरपाट धरणारे एकमेकांकडे बघताहेत.

नाना धावत आला, आत्ता नको, पाठवणीला रड म्हणून विनवायला लागला. "अक्का, आते नही वं! वाटे लावाना टाइमले रड! बठ्ठा लोके देखी राहिनात!"

मी तोंड उघडलं, पण कळ काही बोलू देईना. तेवढ्यात नवरदेवाची आई पुढे आली. चेहरा पांढराफटक. "अक्का, आमच्या मुलाबद्दल काही ऐकलंत का तुम्ही? असेल ते आत्ताच सांगा!"

मी आणखी जोरात कळवळले. झालं! मागून कुणीतरी कुजबुजलं, "पोऱ्यामा काही खोट शे का?" बिचारा नवरदेव घामानं निथळत स्वतःकडेच बघायला लागला.

आणि मग आमची रूपाली! अंतरपाट बाजूला सारून थेट बाहेर आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कुणात काही खोट नाही! फुईची कंबर धरलीये. खुर्ची आणा, उशी आणा! आणि फुई, गोळ्यांचं पाकीट तुझ्या पिशवीत अख्खंच्या अख्खं आहे, मी सकाळीच बघितलंय. डॉक्टरांना आत्ता फोन लावते!"

भर मांडवात, हार हातात धरून तिनं फोन लावला. डॉक्टरांनी मला असं झापलं म्हणता! पण गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते सांगितलं, मात्रा बदलू म्हणाले. आणि मी खुर्चीत बसून मान वर करून सगळ्यांकडे बघत होते. पोर कुणाच्या हाताखाली तयार झालीये!

लग्न लागलं. पाठवणीची वेळ आली. बाया पदर सावरून माझ्याकडे बघायला लागल्या. आणि माझे डोळे कोरडे ठणठणीत! सगळं पाणी मंगलाष्टकांतच संपलेलं.

रूपाली पाया पडायला वाकली. मी तिच्या कानात म्हटलं, "मला रडू येईना गं. राग मानू नको."

"फुई," ती म्हणाली, "तू रडलीस की नवरीशी कुणी बोलतच नाही. आज तरी काहीतरी बोल ना माझ्याशी."

काय बोलावं? पोटात एवढी माया दाटलेली! तिच्या गालावरून हात फिरवला, आणि तोंडातून बाहेर काय पडलं?

"ब्लाउज काखेत काचत तर नाही ना गं?"

पोर आधी हसली, मग माझ्या गळ्यात पडून धाय मोकलून रडली. तिच्यामागे नाना रडला, बाया रडल्या, नवरदेवसुद्धा रडला. लग्नाचा व्हिडिओ बघा हवं तर. सगळा मांडव रडतोय, आणि मधोमध खुर्चीत बसून मी एकटी नवरीची बाही उलटी करून शिवण बघतेय!

एक टाका उसवला नव्हता हो.