सहाव्या हानची शंभर टक्के हजेरी

चार मराठी माणसं परदेशात एकत्र आली की पहिल्या चहाला ओळख होते आणि दुसऱ्या चहाला समिती. एकदा समिती झाली की किस्से आपोआप होत राहतात, त्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. दिवसभर इथे जपानात, तोयोसूच्या ऑफिसात कोड लिहायचा आणि घरी येऊन सोसायटीच्या मीटिंगा निस्तरायच्या, हा माझा इथला दिनक्रम. मैत्रिणी म्हणतात, मधुरा, हे सगळं लिहून ठेव बाई. लिहिते. नाहीतरी डोक्यात आता जागा उरलेली नाही.

आमची सोसायटी फुनाबोरीत. तिचा एक रहिवासी संघ आहे आणि संघाने इमारतींचे गट पाडले आहेत. अशा गटाला इथे 'हान' म्हणतात. प्रत्येक हानचा एक प्रतिनिधी असतो. आमचा तिसरा हान म्हणजे जवळजवळ सगळा भारतीय, त्यातही मराठी कांकणभर जास्तच. देशपांडे काका आमचे स्वयंघोषित पुढारी. बँकेच्या पोस्टिंगवर आले, मुलगा इथेच नोकरीला लागला म्हणून निवृत्तीनंतरही राहिले. काकांना लोकशाहीची भारी हौस. एकदा काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "मुंबईत असताना कितीदा मत द्यायला गेलात हो?"

काका म्हणाले, "मतदानाची सुट्टी असायची ना! आपण महाबळेश्वरला नाही का जायचो?"

*

संघाच्या फलकावर दर वर्षी वार्षिक सभेची हजेरी लागते, हानप्रमाणे आणि टक्क्यांत. आमचा तिसरा हान कायम तळाला. सहावा हान मात्र दर वर्षी शंभर टक्के.

काकांना ते फार लागलं. त्यांनी आम्हा सगळ्यांना गोळा केलं आणि अर्धा तास झापलं. "याला म्हणतात नागरिक! ऊन असो, बर्फ असो, सहाव्या हानचं एकेक घर सभेला हजर. नाहीतर आपण. कोणाची झूम मीटिंग, कोणाचं इडलीचं पीठ आंबत नाही. लाज वाटली पाहिजे."

आम्हाला खरंच लाज वाटली. मग, आपल्या पद्धतीप्रमाणे, अभ्यास दौरा ठरला.

*

दौऱ्यात काका, मी आणि शाल्मली. शाल्मली विद्यापीठात नकाशांवर पीएचडी करते, त्यामुळे सोसायटीतलं टाइपिंगपासून रांगोळीपर्यंतचं सगळं तांत्रिक काम तिच्या गळ्यात पडतं. बरोबर चिवड्याचा डबा होता, आणि काकांनी विचारायचे प्रश्न पाठ केले होते. लोकांना तुम्ही प्रेरित कसं करता, तरुणांचा सहभाग कसा वाढवता, वगैरे.

सहावा हान म्हणजे मागची बुटकी जुनी इमारत. कधीतरी पाडायची म्हणून तिथल्या रिकाम्या जागा कोणाला भाड्याने देत नाहीत. तळमजल्यावर एका दाराशी दिवा दिसला. दार उघडलं ते सातो नावाच्या आजींनी, इथल्या रीतीने सातो-सान. ऐंशीच्या पुढच्या, कमरेत वाकलेल्या, डोळे मात्र लख्ख. काकांचा प्रश्न मी जपानीत विचारला, की तुमच्या हानमध्ये सगळेच्या सगळे लोक सभेला कसे येतात?

सातो-सान जरा विचार करून म्हणाल्या, "मी जाते ना."

बाकीचे लोक एकेक करून मुलांकडे गेले किंवा वर गेले. सहाव्या हानमध्ये आता सातो-सान एकट्या. संघाची सूचनांची फिरती पाटी एका घराने शिक्का मारून शेजारच्या घरी द्यायची असते. या बाई शिक्का मारतात, पाटी स्वतःच्याच दाराला अडकवतात, सकाळी काढून घेतात आणि संघात परत देतात. मी विचारलं, दाराला कशाला अडकवता? तर म्हणाल्या, "नियम आहे."

निघताना काका चिवड्याचा डबा तिथेच ठेवून आले.

*

खरी गोष्ट पुढच्या भेटीत कळली. प्रतिनिधीपद इथे पाळीपाळीने असतं. दर वर्षी पुढचं घर. सहाव्या हानमध्ये पाळी फिरून फिरून त्याच दारात. आणि प्रतिनिधी म्हणजे खुर्ची नाही बरं का! कचऱ्याच्या दिवशी पहाटे पिशव्या कावळ्यांनी फाडू नयेत म्हणून वर जाळी पसरायची, गाडी गेली की जागा धुऊन काढायची, जाळी घडी करून ठेवायची, पानं पडली की गटार साफ करायचं. डॉक्टरांनी सातो-सानना वाकायला सक्त मनाई केली होती. त्या रोज वाकत होत्या. सोडायचं म्हटलं तर द्यायचं कोणाला? हानमध्ये दुसरं माणूस नाही.

"तुमच्या हानला जोडलं ना मला," त्या म्हणाल्या, "तर तुमची एवढी घरं. पाळी माझ्यापर्यंत येईस्तोवर मी शंभरी ओलांडलेली असेन." हे बोलताना त्या अगदी खुशीत हसल्या.

संघाच्या नियमात अशी सोय होती. रहिवाशांनीच हानचा नवा नकाशा करायचा आणि तो सभेत मंजूर करून घ्यायचा. काकांनी तिथल्या तिथे शब्द दिला, "सातो-सान, या हिवाळ्याआधी तुमच्या हातातला झाडू काढून घेतो."

*

नकाशा करायला शाल्मलीला एक संध्याकाळ पुरली. सहावा हान तिसऱ्याला जोडला, झालं काम. पण नकाशा खुला केला म्हटल्यावर लोकांना एकदम भूगोलात रस आला.

प्रतिनिधीला काम काय असतं ते आम्ही तिघांनी सांगितलंच नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. आमच्या हानमध्ये पाळी आजवर मोजक्या जपानी घरांतच फिरलेली, त्यामुळे प्रतिनिधी म्हणजे नगरसेवक, अशीच सगळ्यांची समजूत. मग काय! प्रत्येकाला आपले लोक आपल्या हानमध्ये हवे. एकजण म्हणाला, आमच्या मजल्याचा वेगळा हान करा, आमची संख्या कमी पडते. खुद्द काकांनी शाल्मलीला बाजूला घेऊन सांगितलं, "जोशी आमच्यात नको." जोशी आणि काकांचं गणपतीतल्या माइकवरून वाजलं होतं. जोशी राहतात काकांच्या भिंतीला लागून. शाल्मलीने हद्द जोशींच्या दाराला वळसा घालून, जिन्यातून खाली उतरवून, लिफ्टच्या कडेने वर नेली.

हा नकाशा आम्ही सातो-सानना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि अदबीने विचारलं, "ही पाण्याची पाइपलाइन आहे का?"

ही जोशींना टाळून काढलेली हद्द, असं मी त्यांना सांगितल्यावर काका ओशाळले. जोशी परत आत आले.

*

पण काकांची लोकशाही स्वस्थ बसू देईना. "पाळी ही काय पद्धत झाली? नवा हान, नवी सुरुवात. आपल्याकडे गुप्त मतदान होणार. हानमधलं प्रत्येक घर उमेदवार."

मी म्हणाले, "काका, पाळी चांगलीय की. भांडण नाही, तंटा नाही."

"मधुरा, भांडण नाही तर लोक येणार कशाला?"

ठरावात गुप्त मतदान घातलं गेलं.

*

नकाशा मंजूर व्हायला तिसऱ्या हानची निम्मी घरं सभेत प्रत्यक्ष हजर हवीत. व्हॉट्सॲपवर विचारलं तर अंगठ्यांचा पाऊस पडला. कोणी नमस्काराचे हात टाकले, एकाने तर थेट तिरंगा टाकला.

सभा रविवारी दहाची. जपानी मंडळी पावणेदहालाच गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. दहाला संघाच्या अध्यक्षांनी हजेरी मोजली, निम्मी घरं नाहीत असं जाहीर केलं, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि सभा बरखास्त केली. सव्वादहाला हॉलला कुलूप. साडेदहापासून आमचे लोक यायला लागले, अंघोळी करून, छान कपडे घालून. ऑफिसला जाताना गाडी मिनिटभर उशिरा आली तर स्टेशनातून लेट सर्टिफिकेट आणणारी ही माणसं.

"अरे, मराठी माणसाची मीटिंग दहाची म्हणजे अकराला ना?" जोशी म्हणाले. सातो-सान कुलूप लावलेल्या दाराशी उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला "आल्याबद्दल आभार" म्हणत होत्या. मला तेव्हा फार म्हणजे फारच वाईट वाटलं.

पुढची सभा थंडी सरल्यावर होती. तो सगळा हिवाळा मी सकाळी ऑफिसला जाताना त्यांना पाहायचे. गोठलेली जाळी हाताने सोडवत असायच्या. मी धरायला गेले की म्हणायच्या, "तुम्ही दुसऱ्या हानच्या. नियमात बसत नाही."

*

दुसऱ्या सभेला आम्ही कंबर कसली. शाल्मली आणि मी घरोघर फिरलो. आता लपवाछपवी नाही, आजींची गोष्ट सरळ सांगितली. जाळीची, कमरेची, स्वतःच्या दाराला अडकवलेल्या पाटीची. लोकांचे डोळे भरून आले. काकूंनी बटाटेवड्यांची लालूच लावली आणि काकांनी सभेची वेळ आमच्या लोकांना तासभर अलीकडची सांगितली.

आणि आले हो सगळे! तान्ही बाळं घेऊन आले. एकजण नाइट शिफ्ट करून तसाच आला. जोशी काकांच्या शेजारी बसले. फलकावर पहिल्यांदाच तिसऱ्या हानची हजेरी शंभर टक्के लागली, काकांनी तिचा फोटो काढला. नकाशा एकमताने मंजूर झाला. सहावा हान संपला. सातो-सान आमच्यात आल्या.

त्या दिवशी त्यांनी ठेवणीतला करडा किमोनो नेसला होता. बरोबर जाळी आणली होती, धुऊन, वाळवून, इस्त्री केल्यासारखी घडी घातलेली, रेशमी रुमालात बांधून. वर छोटा झाडू. नव्या प्रतिनिधीच्या हातात रीतसर द्यायचं म्हणून.

मग गुप्त मतदान. काम काय असतं ते आता सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे नगरसेवक व्हायला कोणीच राजी नव्हतं. पण मत तर द्यायचंच होतं. चिठ्ठ्या टाकून लोक वड्यांकडे गेले आणि तिथे जो तो एकमेकांच्या कानात सांगत होता. आजी पहिल्यांदाच आल्यात आपल्यात. शून्य मतं पडली तर किती वाईट दिसेल. वयाचा मान म्हणून एक मत आपलं दिलं मी. जोशींनी दिलं होतं. काकूंनी दिलं होतं. काकांनी तर काकूंना न सांगता दिलं होतं.

अध्यक्षांनी चिठ्ठ्या उघडायला सुरुवात केली. पहिली सातो-सान. दुसरी सातो-सान. काका कौतुकाने मान डोलवत होते. मग हळूहळू त्यांची मान थांबली.

निकाल जाहीर झाला, आणि सवयीने आमच्यातल्या कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. सातो-सान उठल्या, सगळ्या हानला कमरेत वाकून नमस्कार केला. शेजारी ठेवलेलं गाठोडं त्यांनी पुन्हा छातीशी घेतलं, आमच्या अख्ख्या इमारतीकडे खिडकीतून एकदा वर-खाली पाहिलं आणि हळूच काकांजवळ आल्या.

"देशपांडे-सान, तो पाइपलाइनवाला नकाशा तुम्ही टाकून तर नाही ना दिलात? त्या जोशी-सानसारखा मला वळसा घालता येईल का?"